शेवटची भाकर कुणाची?

 

आपल्या केंद्रावर पाककृती पुष्कळ सांगितल्या जातात. आज मी पाककृती सांगणार नाही. आज आपण आपल्या ताटाचा इतिहास बघू. इतिहास म्हटलं की शाळेतल्या लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण लढाईला गेलेला माणूससुद्धा भाकर खाऊनच गेला असणार, आणि ती भाकर कुणीतरी पहाटे उठून दळली, थापली, भाजली असणार. तिचं नाव कुठल्या सनावळीत नाही. म्हणून आज तिच्या बाजूनं बघायचं. घरचं सकस अन्न कुठून आलं, ते कुणी रांधलं आणि कुणाच्या वाट्याला किती आलं?

हे बोलायचं कारण आहे. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, कर्जाचं बोलणं झालं की बायका मोकळ्या बोलतात. मग एक वाक्य हमखास येतं, "आपल्यात असंच असतं." बाई मागून जेवते, आपल्यात असंच असतं. तिच्या वाट्याला कोरड्यास उरलं नाही, मग चटणीवर भागवलं, आपल्यात असंच असतं. तर मैत्रिणींनो, हे "असंच" कधीपासून आहे? आपल्या ताटातलं काय काय खरंच जुनं आहे, आणि काय काय बदलत आलंय? एकेक करून बघू.

सुरुवात फार लांबून करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं. मातीखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. मातीच्या कुडाची घरं, घरातल्या चुली, धान्य दळायचे दगडी पाटे, धान्य साठवायला जमिनीत खणलेली पेवं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापर्यंत गावोगाव पेवं होती, कणग्या होत्या, काही वाड्यांत बळदं होती. म्हणजे धान्य सांभाळायची ही रीत किती जुनी ते बघा.

पण त्या पेवात ज्वारी भरलेली नव्हती. इनामगावच्या लोकांचं मुख्य धान्य होतं सातू, ज्याला आपण जव म्हणतो. त्याच्या जोडीला मसूर, वाटाणा, हुलगा अशी कडधान्यं आणि रानातली बोरं. हुलगा मात्र आजही आपल्या घरात आहे. बाळंतिणीला हुलग्याचं माडगं करून घालतो ना, ते धान्य या मातीत तीन हजार वर्षांहून जास्त काळ शिजतंय.

मग ज्वारी कुठली? ज्वारीचं मूळ ईशान्य आफ्रिकेत आहे आणि बाजरीचं पश्चिम आफ्रिकेत. हजारो वर्षांपूर्वी ती धान्यं समुद्रापलीकडून आपल्याकडं आली. इथल्या काळ्या रानाला, कमी पावसाला आणि कोरड्या हवेला ती अशी मानवली की आज "भाकर" म्हणजे जेवण आणि "भाकरतुकडा" म्हणजे पोटपाणी असा अर्थ झाला. बाहेरून आलेलं धान्य आपल्या बायांनी काठवटीत मळून, दोन्ही हातांवर थापून घरचं केलं.

तिखटाची गोष्ट तर आणखी नवी आहे. शिवाजी महाराजांच्या पणजोबांच्याही आधी आपल्याकडं मिरची नव्हती. स्वयंपाकाला तिखटपणा यायचा तो काळी मिरी, आलं, पिंपळी यांतून. मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची इकडं आली. जुन्या मिरीवरून तिला मिरची म्हणायला लागले. आज खर्डा-भाकर नसेल तर शेतावरची न्याहारी पूर्ण होत नाही, पण तो खर्डा पाचशे वर्षांपूर्वी नव्हता.

आता गंमत बघा. आपलं सगळ्यात सोवळं ताट कुठलं? उपासाचं. त्यात काय काय असतं? साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं आणि हिरवी मिरची. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, तो कंद दक्षिण अमेरिकेतला. भुईमूग तिकडचाच. बटाटा, रताळं, मिरची, सगळं तिकडचं. एकादशीच्या ताटातले पाचही जिन्नस परदेशी! आणि आपण म्हणतो, पूर्वापार चालत आलंय. मला यात कुणाच्या श्रद्धेची चेष्टा करायची नाही. एवढंच सांगायचंय की आपल्या बाया कधीच जुन्याला चिकटून बसलेल्या नव्हत्या. नवं धान्य, नवी भाजी दारात आली की त्यांनी ती हाताळून बघितली, चाखून बघितली, चांगली वाटली तर देवाच्या नैवेद्यापर्यंत नेली.

जिन्नस बदलत गेले, पण कष्ट बदलले नाहीत. गिरणी येईपर्यंत रोजचं पीठ रोज पहाटे जात्यावर दळावं लागायचं. घरात दहा खाणारी तोंडं असतील तर खुंट्याला हात लावून दोघी दोघी बसायच्या. त्या दळणातून ओव्या आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आपल्या महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त भरल्या! ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं अशा बायांनी रचलेलं हे साहित्य. राजे-महाराजांच्या बखरी शेकड्यांत मोजता येतील, आपल्या आज्यांच्या ओव्या लाखाच्या पुढं गेल्या. मग डिझेल इंजिनाची गिरणी गावात आली. बाईचा पहाटेचा वेळ आणि खांद्यांचा ठणका वाचला. जातं गेलं म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात, पण ज्यांनी ते ओढलं त्या आजीला विचारा. ती म्हणेल, गिरणी आली, बरं झालं.

आता दुष्काळाकडं येऊ. आपल्या ताटाचा इतिहास दुष्काळाशिवाय सांगता येत नाही.

१८७६-७७ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. गावं ओस पडली, माणसं झाडपाला खाऊन जगायला लागली. त्या वेळी सत्यशोधक समाजाची माणसं मदतीला उतरली. सावित्रीबाई फुले स्वतः जुन्नर भागात फिरत होत्या. ओतूरहून २० एप्रिल १८७७ ला त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. पुण्याजवळ धनकवडीला मुलांना जेवू घालण्यासाठी बालाश्रम चालवला गेला. शाळेची पहिली शिक्षिका म्हणून आपण सावित्रीबाईंना ओळखतो. पण भुकेल्या मुलाला आधी भाकर, मग पाटी, हेही त्यांना ठाऊक होतं.

दुष्काळ आणि कोरडवाहू शेती यांनी आणखी एक केलं, घरं विभागली. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली. पुढं गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातला, घाटावरचा गडी लालबाग-परळला गेला. बाई गावाकडं शेत, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळत राहिली. "सगळं घर एकत्र जेवायला बसलंय" हे चित्र कित्येक घरांत वर्षातून दोनदाच दिसायचं, शिमग्याला आणि गणपतीला.

मग मुंबईत त्या गड्यांना कोण जेवू घालायचं? तिथंही बायाच. दहा बाय दहाच्या खोलीत खाणावळ चालवायच्या. पहाटे चारला उठून स्टोव्ह पेटवायच्या. किराणा उधारीवर आणायच्या, महिन्याच्या पगाराला पैसे यायचे, तोवर सावकाराचं व्याज चढायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोपर्यंत बँकेला वाटायचं, भाकऱ्या भाजणं हा काय धंदा झाला? त्या बायांनी कर्ज वेळेवर फेडून दाखवलं. आज आपल्या गटाला बँक दारात उभी करते ना, त्याच्या मागं अशा बायांची पुण्याई आहे. घरच्या स्वयंपाकाला मोल असतं, हे त्यांनी हिशेबाच्या वहीत लिहून दाखवलं.

आता आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतो तो काळ. १९७२ चा दुष्काळ. सलग कमी पावसाची वर्षं, विहिरी आटल्या, कडबा संपला, बैल कवडीमोलानं विकले. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात कामावरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास गेली होती. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. तान्ही पोरं झाडाला झोळी बांधून झोपवायची आणि डोक्यावर माती वाहायची.

तेव्हा खायला काय होतं? कामावर सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ, गूळ किंवा साखर, थोडं तेल. आणि रेशनवर मिळायचा परदेशातून आलेला लाल मिलो. मिलो म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, अमेरिकेत बहुतेक जनावरांना घालायचा. त्या काळातल्या कुठल्याही आजीला विचारा, मिलोची भाकर कशी लागायची? आजी आधी तोंड वाकडं करतील, मग सांगतील. पीठाला विरी नाही, थापताना चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची. उकळत्या पाण्यात पीठ भिजवा, असेल तर मूठभर दुसरं पीठ मिसळा, असं करत करत आपल्या बायांनी त्याचीही भाकर केली आणि लेकरं जगवली. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली महाराष्ट्रानं तिचा कायदा केला, आणि पुढं २००५ मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा झाला. म्हणजे आज मस्टरवर आपलं नाव लागतं, त्याची मुळं त्या खडी फोडणाऱ्या बायांच्या घामात आहेत.

दुष्काळाच्या आधीच एक मोठा बदल सुरू झाला होता. १९६४ साली ज्वारीचं पहिलं संकरित वाण देशात आलं. गावात त्याचं एकच नाव पडलं, हायब्रीड. उत्पन्न वाढलं, हे खरं. ज्या घरात वर्षाची ज्वारी पुरत नव्हती तिथं पुरायला लागली, हेही खरं. पण भाकर? शाळूची पांढरी, मऊ भाकर खाल्लेल्या तोंडाला हायब्रीडची भाकर रुचेना. सकाळची संध्याकाळपर्यंत वातड व्हायची. आखूड ताटांचा कडबा कमी, म्हणून गुरांचंही पोट भरेना. पेरणी ठरवताना एकरी पोती किती ते विचारलं गेलं. भाकर कशी होते, ते थापणारीला कुणी विचारलं नाही. सोलापूर, मंगळवेढ्याकडं मालदांडी टिकली ती तिच्या भाकरीमुळं आणि कडब्यामुळं. आज तीच ज्वारी शहरात चढ्या भावानं विकली जाते.

त्याच काळात रेशनच्या दुकानातून गहू गावात पोहोचत होता. आधी परदेशी गहू यायचा, मग पंजाब-हरियाणातला. पूर्वी पोळी ही पाहुण्यांसाठी आणि सणावारांसाठी होती. भाकर रोजची, पोळी मानाची. मग रोज पोळी करणारं घर सुधारलेलं, भाकर खाणारं मागासलेलं, अशी समजूत पसरली. डब्यात भाकर नेली तर शाळेत पोरं हसायची. शेतातही ज्वारी, बाजरी मागं पडली. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आलं, कापूस वाढला, पश्चिमेकडं ऊस. पूर्वी ज्वारीच्या पिकात तूर, मूग, मटकी, अंबाडी अशी मिसळ असायची. बाई रानातून येताना ओच्यात घोळ, तांदुळजा, पाथरी खुडून आणायची. भाजीला पैसे लागत नव्हते. एकच पीक आणि तणनाशक आलं, तशी ती फुकटची भाजी गेली. आता सोयाबीन विकून आलेल्या पैशातून आपण डाळ विकत घेतो, भाजी विकत घेतो, आणि पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट पोराच्या हातात देतो.

मैत्रिणींनो, जरा थांबून मागं बघू. सातू गेला, ज्वारी आली. मिरी मागं पडली, मिरची आली. जातं गेलं, गिरणी आली. चुलीच्या जागी बऱ्याच घरांत गॅस आला. शाळू, हायब्रीड, मिलो, गहू, सोयाबीन. ताटातलं जवळजवळ सगळं बदललं. मग बदललं नाही ते काय?

वाढायचा क्रम.

आधी घरातले पुरुष, मग पोरं, त्यातही आधी पोरगा, मग सासूबाई, आणि सगळ्यात शेवटी सून. ताजी भाकर त्यांना, सकाळची शिळी तिला. भाजीतली फोड त्यांना, कढईला लागलेला रस्सा तिला. कुणी मुद्दाम दुष्टपणानं करतं असं नाही. आईच पोरीला शिकवते, "बाईच्या जातीनं मागून खावं." पण शेवटी बसणारीला उरेल तेवढंच मिळतं. चांगलं पिकलं तेव्हा पोटभर उरायचं, दुष्काळात काहीच उरायचं नाही. भूक घरात समान वाटली गेली नाही, ती सुनेच्या ताटात साचली.

याचा हिशेब रक्तात दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय आढळला. आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी धरा. चढ चढताना धाप लागते, पायात गोळे येतात, चक्कर येते, कामात लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो, "बाईच्या जातीला एवढं असायचंच." कारणं पुष्कळ असतात. अंगावरून जास्त जाणं, पाठोपाठ बाळंतपणं, जंत. पण ताटात रोज कमी पडणं हे त्यातलं मोठं कारण आहे. आणि अशक्त आईच्या पोटी अशक्त बाळ. म्हणजे शेवटची अर्धी भाकर आपण एकटीच्या नशिबावर सोडत नाही, पोटातल्या लेकरावरही सोडतो.

आणखी एक गोष्ट सांगते, कित्येकींना ठाऊक नसते. २०१३ मध्ये देशात अन्नसुरक्षा कायदा झाला. त्यात लिहिलंय की रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई, वय अठरा पूर्ण असलेली, कुटुंबप्रमुख धरायची. आपापलं कार्ड काढून बघा. सरकारदरबारी, धान्याच्या बाबतीत, घराची मालकीण बाई आहे. ज्या धान्यावर प्रमुख म्हणून आपलं नाव लागतं, ते शिजल्यावर आपण रांगेत शेवटी का?

कुणी म्हणेल, क्रम बदलणं काय सोपं आहे? घरात भांडणं लागतील. तर राजस्थानातलं उदाहरण आहे. बांसवाडा आणि सिरोही या जिल्ह्यांत, आदिवासी बायांच्या बचत गटांमधून, २०१५ नंतरच्या दोनेक वर्षांत एक काम झालं. गटाच्या बैठकीत पोषणाबरोबर एक साधी गोष्ट सांगितली गेली, घरातली सगळी माणसं एकत्र बसून जेवा. पुरुषांशीही त्याबद्दल बोलणं झालं. एकत्र बसल्यावर काय झालं? कुणाच्या ताटात काय आहे ते सगळ्यांना दिसायला लागलं. बायकोच्या ताटात भाजी नाही, हे नवऱ्यानं पहिल्यांदा डोळ्यानं बघितलं. बायका आणि मुलांचं खाणं सुधारलं. त्यासाठी कुठलं अनुदान लागलं नाही, नवं भांडंसुद्धा लागलं नाही.

आपल्याकडं तर एका पंगतीला बसणं ही मोठी गोष्ट मानली गेलीय. कोण कुणाबरोबर जेवतो यावरून माणसाची किंमत ठरवायची रीत आपल्या समाजानं फार वर्षं चालवली. ती मोडायला माणसं लढली. महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. शाळेतल्या खिचडीच्या पंगतीला आज सगळ्या आळ्यांची पोरं मांडीला मांडी लावून बसतात, आणि ती खिचडी कितीतरी गावांत बचत गटाच्या बायाच शिजवतात. गावाच्या पंगतीत हे बदलू शकलं, तर घरातल्या पंगतीत का नाही?

आता रोजच्या चुलीवर या. सगळ्यांनी मिळून एकच जेवण जेवायचं, तर ते म्हाताऱ्याला चावलं पाहिजे, लेकराला तिखट लागता कामा नये, कष्टाच्या माणसाचं पोट भरलं पाहिजे. त्यासाठी चार वेगळे स्वयंपाक लागत नाहीत. ज्वारीची किंवा बाजरीची भाकर, तुरीचं वा मुगाचं वरण, डाळ घालून केलेली मेथी, शेवग्याचा पाला किंवा तांदुळजा, वर तिळाची, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, आणि लिंबाची फोड. एवढं ताट पुरतं. भाकर आणि डाळ एकत्र खाल्ली की एकात जे कमी असतं ते दुसरं भरून काढतं. लेकराच्या वाटीत तिखट घालायच्या आधीचं वरण काढून त्यात भाकर कुस्करा. सासऱ्यांना दात नसतील तर त्यांचाही तोच काला. ज्याला झणझणीत हवं त्याला ठेचा वरून घेऊ दे.

रक्तासाठी तीन साध्या गोष्टी लक्षात ठेवा. पालेभाजी जमेल तेव्हा लोखंडी कढईत करा. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा, पेरू खा, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या, चहा ते लोह अंगी लागू देत नाही. गोळ्या दिल्या असतील तर त्या मात्र घ्यायच्याच, भाकर-भाजी ही गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही.

भाजी विकत घ्यायला परवडत नाही म्हणाल, तर मोरीच्या पाण्यावर परसबाग लावा. एक शेवगा, दोन पपया, मेथी-पालकाचा वाफा, वेलावर दोडका. रानात सोयाबीन असू द्या, पण बांधाच्या कडेनं चार ओळी तूर, मूग आणि अंबाडी घरापुरती टाका. पेरणीच्या बोलण्यात पोत्यांबरोबर भाकरीचाही विषय काढा. थापणारीचं मत आता तरी विचारात घ्यायला लावा.

आणि गटासाठी एक काम. पुढच्या मासिक बैठकीत, हप्ते गोळा झाले की, प्रत्येकीनं तीन गोष्टी सांगायच्या. काल रात्री मी काय खाल्लं? किती वाजता खाल्लं? कुणाबरोबर बसून खाल्लं? उत्तरं सचिवानं वहीत लिहायची, नाव नको, नुसती उत्तरं. मग ठरवायचं, दिवसातलं एक जेवण, रात्रीचं म्हणा, घरातल्या सगळ्यांनी एकत्र. भाकऱ्या आधी भाजून दुरडीत, कपड्यात गुंडाळून ठेवायच्या, भाजीचं पातेलं मधे ठेवायचं, आणि बाईनंही ताट वाढून घेऊन बसायचं. पहिले चार दिवस अवघडल्यासारखं होईल. सासूबाई काही बोलतील. त्यांना म्हणा, "आत्याबाई, तुम्ही पण आयुष्यभर मागूनच जेवलात, या, आज माझ्या शेजारी बसा." बघा, बहुतेक त्याच आधी पाट मांडतील. घरातल्या दादांनाही सांगते, तव्यावरची भाकर गरम हवी हा हट्ट सोडा, कपड्यातली भाकर मऊच राहते. आणि दोन भाकरी थापायला शिकलात तर हात झिजणार नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा तेच तीन प्रश्न विचारा आणि वहीतली उत्तरं ताडून बघा.

साडेतीन हजार वर्षांत आपण धान्य बदललं, चव बदलली, चूल बदलली. त्या मानानं एक क्रम बदलणं अवघड नाही. आणि आज रात्री दुरडीत तळाला एक भाकर उरली, तर ती कुणाची म्हणून विचारू नका. तिचे घरात जितकी माणसं तितके तुकडे करा, आणि पहिला तुकडा तिला द्या, जिनं ती थापली.